खूण करायची राहिली

४ तारीख, मंगळवार
प्लगना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्यूटर काढला! एक टोपी, एक बोल्ट, पाच वायरी — आणि आमची एकावन्न वर्षांची गाडी मुकी झाली. चिंधीत गुंडाळून बुटांच्या खोक्यात ठेवला. शुक्रवारी गिऱ्हाईक येणार आहे, हिने बोलावलंय. डोळ्यांच्या डॉक्टरांनी माझं गाडी चालवणं बंद केल्यापासून हिचं एकच पालुपद — "अहो, उभ्या गाडीचं काय लोणचं घालायचंय?"
बघू. बंद गाडी कोण नेतो!

७, शुक्रवार
नेतो म्हणाला.
तरणाबांड गडी. किल्ली फिरवली, इंजिन नुसतं घरघरलं. मी चेहरा पाडून उभा. (शाळेच्या नाटकात मला कधी काम दिलं नाही, मास्तर चुकलेच.) तर हा म्हणतो, "बंद असली तरी चालेल, काका. सुटे भाग करून विकीन. दारं, दिवे, काचा — सगळ्याला मागणी आहे." सोळाला टेम्पो आणणार.
"आणि चालू असती तर?"
"चालू गाडी कोण मोडतो, काका!"
जेवण गेलं नाही.

८, शनिवार
म्हणजे आता चालू करायला हवी. ही दुपारी लवंडल्यावर खोकं घेऊन गेलो. टोपीखालचा तो फिरता रोटर — काढताना त्याचं तोंड कुठे होतं? आठवेना. खूण केलीच नव्हती. चोरी करताना खुणा ठेवायच्या नसतात, एवढंच डोक्यात होतं.

१०, सोमवार
इंजिनाच्या पुलीवरची रेघ खुणेच्या काट्यासमोर आणली. रोटर पहिल्या सिलिंडरच्या वायरीकडे वळवला. बसवला, आवळला, किल्ली फिरवली. कार्बोरेटरमधून असा बार निघाला की ही चमच्यासकट बाहेर आली.
"काय चाललंय?"
"दुरुस्ती."
"मोडायला द्यायच्या गाडीची?"


११, मंगळवार
गाडीच्या म्हाताऱ्या मिस्त्रींना फोन केला. त्यांना ऐकू कमी येतं, त्यामुळे दोघेही ओरडत होतो.
"साहेब, पिस्टन दोनदा वर येतो! एकदा दाब द्यायला, एकदा धूर सोडायला! रेघ दोन्ही वेळा जुळते! तुम्ही धुरावर बसवलाय!" उपाय — पहिला प्लग काढायचा, भोकावर अंगठा धरायचा, इंजिन हाताने फिरवायचं. अंगठा ढकलला गेला की ती खरी वेळ.
मग म्हणाले, "पण तो निघाला कसा? आपोआप निघत नाही हो!"
गल्लीने ऐकलं, तर दारात उभ्या असलेल्या हिने का ऐकू नये.
"कोणी काढला?"
मी चष्मा पुसला. बराच वेळ पुसला.
"अंगठा कुठे धरायचा?" ही म्हणाली.

१२, बुधवार
हँडल मी फिरवलं, अंगठा हिचा. रेघ जुळली. "काही नाही," ही म्हणाली. आणखी एक फेरी — "अगं बाई! ढकलला!"
रोटर आत जाताना गिअरच्या दातांवर थोडा वळतो, म्हणून आधी थोडा मागे धरून सोडायचा. दोनदा चुकलो, तिसऱ्यांदा बसला. मग वायरींचा क्रम. एक-तीन-चार-दोन. वर्गात वृत्त शिकवताना मास्तर टेबलावर पट्टीने ठेका धरायचे, यती चुकला की ओळ लंगडते म्हणायचे. इंजिनाचंही तेच! मी एक-तीन-चार-दोन सुरात म्हणू लागलो.
"चाल नंतर लावा," ही म्हणाली. "आधी वायरी लावा."

१३, गुरुवार
पहिल्याच झटक्याला!! किल्ली हिने फिरवली होती.
टायमिंगचा दिवा जोडला. त्याच्या लुकलुकीत पुलीवरची रेघ थांबल्यासारखी दिसते. मला दिसली नाही. दोनदा "दिसली" म्हणालो. हिने दिवा काढून घेतला, मी डिस्ट्रिब्यूटर वळवू लागलो. "डावीकडे... अजून... आता फार झालं... बस्स!" तिथेच बोल्ट आवळला. कवितेची ओळ जागेवर पडल्यासारखं इंजिन धावू लागलं.
नंतर ही चालकाच्या जागी जाऊन बसली आणि ॲक्सिलरेटरवर पाय देत राहिली. "पेट्रोल जळतंय," मी म्हणालो.
"जळू दे."

१६, रविवार
टेम्पो आला. गाडी सुरू झालेली पाहून गडी खूश. "ही गाडी मोडत नाही, काका! मीच फिरवीन." मी मान डोलावली. हेच तर हवं होतं. 
"काकू, किल्ली?"
ही किल्ली देईना. "उद्या कळवते," म्हणाली. टेम्पो रिकामा गेला.

१७, सोमवार
ही ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घालून आली! त्यांनी वय विचारलं म्हणे. हिने विचारलं, "गाडीचं की माझं?"
उद्या सकाळी सातला पहिला धडा, आमच्याच गाडीत. मला मागे बसायची परवानगी आहे. बोलायची नाही.