मधली दोन गाणी

ती. वन्सं यांस,

चौथं गाणं संपता संपता दूध वर यायचं. पाचव्याला मी डबा भरायला घ्यायची. सहाव्याला हे आंघोळ करून येऊन टॉवेल खुर्चीवर टाकायचे (ओला, एकोणतीस वर्षं सांगून पाहिलं), आणि सातवं सुरू झालं की मी कपड्यांची बादली घेऊन गच्चीवर. नवव्याला खाली उतरायची, तेव्हा ह्यांनी चहा गाळून ठेवलेला असायचा. स्वयंपाकघरात घड्याळ होतं, पण त्याच्याकडे कोणी बघत नसे.

बघा, नमस्कार राहिलाच. साष्टांग नमस्कार. गुडघा कसा आहे? खरं उत्तर द्या, ‘ठीक आहे’ हे उत्तर मी धरत नाही. मी बरी आहे. फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणाल. फोनवर तुम्ही मला तिसऱ्या वाक्याला थांबवता आणि ‘मी तेव्हाच म्हटलं होतं’ म्हणता. पत्रात ती सोय नाही. शिवाय मला तुमच्याकडून काही नको आहे, सहज लिहिते आहे.

तर ती अकरा गाण्यांची यादी ह्यांनी संगणकात करून ठेवली होती, नाव ‘सकाळ’. तुम्हाला माहीतच आहे, दुकानात पंखे आणि मिक्सर दुरुस्त करता करता ह्यांनी लोकांच्या जुन्या कॅसेटी गोळा केल्या आणि एकेक गाणं संगणकात उतरवलं. बाराशे चौदा गाणी. त्यांना नावं कशी दिली, तर कॅसेट ज्याची, त्याचं नाव, मग बाजू, मग क्रमांक. शिंपी-ब-३. चष्मेवाला-अ-५. गाणं कोणतं, गायलं कोणी, याचा पत्ता नाही. मी विचारलं की म्हणायचे, “ऐकलं की कळतंच की!” हे गेल्यावरही रोज सकाळी मी ती यादी लावते. दीड वर्ष झालं. एवढं एक जसंच्या तसं चाललं होतं.

मार्चमध्ये लेकीने मला नवा फोन दिला आणि सगळी गाणी त्यात भरून दिली. उघडून बघते तर बाराशे चौदाही गाण्यांखाली लिहिलेलं, ‘अज्ञात कलाकार’. किती कष्टाळू माणूस म्हणावा हा! बाईच्या आवाजात गातो, पुरुषाच्या आवाजात गातो, बासरी वाजवतो, आणि एका कॅसेटीत तर चक्क सासूबाईंच्या आवाजात “अरे, ते टेप बंद कर आणि जेवायला ये” असं ओरडतो. मला ते बघवेना. ज्याने गायलं त्याचं नाव नको का लागायला? मी ठरवलं, हे नीट करायचं.

लेकीने एक प्रोग्रॅम घालून दिला. त्यात कळलं की गाण्याला नावं दोन असतात. एक फाइलचं, म्हणजे डब्यावर बाहेरून चिकटवलेली चिठ्ठी. दुसरी आत टाकलेली चिठ्ठी, तिला टॅग म्हणतात. तिच्यात गाणं, गायक, साल असं सगळं असतं. फोन आतली वाचतो. प्रोग्रॅमबरोबर मदतीचं पुस्तक होतं, नऊ प्रकरणांचं. मी शाळेत सातवीपर्यंतच गेले, पुढचं सगळं वाचनालयातून शिकले, तेव्हा पुस्तक कसं वाचायचं ते मला कोणी सांगू नये. एक प्रकरण वाचायचं, तेवढं करायचं, मग पुढचं. शेवट आधी उघडून बघणारी बाई मी नाही. (तुम्ही बघता. मी तुम्हाला पाहिलं आहे.)

आमच्या शेजारी ते निवृत्त टंकलेखक राहतात, ज्यांना सगळी इमारत बॅकअपकाका म्हणते, कारण कोणी दूध आणायला निघालं तरी ते विचारतात, “बॅकअप घेतला का?” त्यांनी जिन्यात मला गाठलं. मी म्हटलं, घेतला. आणि घेतला होता! पडद्यावरचं गाण्यांच्या फोल्डरचं चित्र उचलून पेनड्राइव्हमध्ये टाकलं, क्षणात झालं. एवढी गाणी एवढ्याशा जागेत मावली याचं मला कौतुकही वाटलं. पुढे कळलं की ते नुसतं फोल्डरकडे जायचं दार होतं. खोली जिथे होती तिथेच. मी दार काढून पिशवीत घालून ठेवलं होतं.

पहिल्या आठवड्यात मी सगळी गाणी एकदम निवडलेली असताना एका गाण्याला गायकाचं नाव दिलं. बाराशे चौदा गाणी त्याच्या नावावर गेली, सासूबाई धरून. तेव्हा मी रडले नाही. ते नाव सगळीकडून पुसलं, आणि मग रोज दुपारी जेवण झालं की कान लावून बसायचं, एकेक गाणं ऐकायचं, लिहायचं. साडेचार महिने लागले. गायक कळला नाही तिथे ‘माहीत नाही’ असं स्वच्छ लिहिलं, ‘अज्ञात’ नाही लिहिलं. सासूबाईंसमोर ‘सासूबाई’. वन्सं, मी खोटं बोलत नाही, ते दिवस फार बरे गेले. दुपार कधी सरायची कळायचं नाही.

सहाव्या प्रकरणात होतं की आतल्या चिठ्ठीवरून बाहेरची आपोआप करता येते, एका बटणात. मी ते बटण दाबलं. शिंपी, चष्मेवाला, कंडक्टर सगळे गेले आणि बाराशे चौदा डब्यांवर गाण्यांची सुरेख नावं आली. मी खूश होऊन फोनमधली ‘अज्ञात’वाली सगळी गाणी पुसून टाकली, प्रोग्रॅम बंद केला, संगणक बंद केला, आणि ओटा पुसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ‘सकाळ’ लावली तर अकराही ओळी करड्या. एकही गाणं वाजेना. दूध मात्र वर आलं आणि गेलं.

बॅकअपकाकांना बोलावलं. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला, आणि म्हणाले, “वहिनी, यादीत गाणी नसतात हो, नुसते पत्ते असतात. तुम्ही गावातल्या सगळ्या घरांवरच्या पाट्या बदलल्यात.” मग बॅकअप मागितला. मी पेनड्राइव्ह दिला. त्यांनी तो लावला, काढला, पुन्हा लावला, शेवटी मीच त्यांना पाणी आणून दिलं. केलेलं मागे फिरवायची सोय होती, पण ती प्रोग्रॅम बंद करेपर्यंतच. हे, आणि याद्यांचं, दोन्ही नवव्या प्रकरणात दिलं आहे. ठळक अक्षरात.

काकांनी एक मात्र केलं. ती यादी साध्या अक्षरांत उघडून दाखवली. ह्यांनी लावलेल्या क्रमाने अकरा जुनी नावं, एकाखाली एक. पहिलं शिंपी-ब-३, ते मला पाठ. दुसरं पाठ. असं करत नऊ गाणी जागेवर बसवली, अर्धा तास लागला नसेल. अडलं सातव्या-आठव्यापाशी. ती दोन मला आठवेनात, वन्सं. कशी आठवणार? यादीत मी ती कधी ऐकलीच नाहीत; दुपारी बाराशे चौदांत कानावरून गेली असतील, पण तीच ही, हे कुठे ठाऊक होतं. तेव्हा मी गच्चीवर असायची. खाली हे एकटेच ऐकायचे, आणि चहा करायचे.

बाकी सगळं ठीक. गुडघ्याला शेक घ्या. जावईबापूंना आशीर्वाद.

तुमची,
भावजय

ता. क. त्या दोन ओळींवर ताई-अ-२ आणि ताई-अ-३ असं लिहिलेलं आहे. ताई म्हणजे तुम्ही. घर बदललंत तेव्हा एक कॅसेट ह्यांना दिली होतीत, त्यातली ती. काय होतं त्यात, आठवतं का? मला दाट शंका आहे की ती नाकात गाणारी बाई असणार, जिचा आवाज मला खपत नाही, आणि म्हणूनच ती बरोबर मी वर गेल्यावर गायची. तसं असेल तरी सांगा. मी रागावणार नाही.

ता. क. २. पत्र ज्यासाठी लिहिलं ते आता लिहिते. ह्यांनी तुमच्या साठीला सगळी गाणी भरून एक हार्ड डिस्क दिली होती. ती तुम्ही रुमालात गुंडाळून कपाटात ठेवलीत आणि एकदाही लावली नाहीत, याचा मला तेव्हा राग आला होता. आता तुमचे उपकार मानते, तिच्यातल्या पाट्या अजून जुन्याच असणार. ती मला पाठवा. तशीच, रुमालासकट. लावून बघू नका, नीट करू नका, आणि जावईबापूंच्या हाती तर मुळीच देऊ नका. त्यांना संगणकातलं कळतं.

ता. क. ३. काल पत्र टाकायचं राहिलं. आज सकाळी नऊ गाण्यांची यादी लावली. सहावं संपलं तशी ती थांबवली, बादली घेऊन गच्चीवर गेले, कपडे वाळत घातले, दोन गाण्यांइतका वेळ वरच थांबले, आणि खाली येऊन नववं लावलं.