रेडिओचे बारा शब्द

सोमवार, ३ तारीख

आज नव्या घरात सामान लागले. देवाच्या कृपेने आरशालासुद्धा तडा गेला नाही. दुसरा मजला, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. उजेड इतका की संध्याकाळपर्यंत दिव्याला हात लावायला नको. मुख्य म्हणजे दवाखाना चार मिनिटांवर आहे. सासूबाईंना चाकांच्या खुर्चीतून नेता येईल. आठ महिन्यांपूर्वी झटका आला तेव्हापासून त्यांचा उजवा हात आणि वाचा दोन्ही गेली. डोक्यात सगळे जागेवर आहे, तोंडात काही येत नाही.

त्याची भरपाई आमची सहा वर्षांची लेक करते. डोळे उघडल्यापासून तोंड सुरू, म्हणून सगळे तिला रेडिओ म्हणतात. तिला र येत नाही, ती स्वतःला लेडिओ म्हणते. कपाट वाहणाऱ्या माणसाला तिने विचारले की तुझं घल कुठे आहे, आणि तिथलं कपाट कोण उचलतं. तो बिचारा हसता हसता जिन्यातच बसला.

बुधवार, ५ तारीख

वाचा सुधारणाऱ्या बाईंकडे जाऊन आलो. त्यांचा उपाय अगदी साधा. एक लांब शब्द घ्यायचा, त्याची अक्षरे सुटी मांडायची. सासूबाईंनी डाव्या हाताने अक्षरे ओढून त्यातले लहान शब्द शोधायचे आणि मोठ्याने म्हणायचे. रोज दहा मिनिटे, एकच शब्द दोन-तीन दिवस घासायचा.

अक्षरांचा संच दुकानात मिळतो म्हणाल्या. मी मान हलवली आणि घेतला नाही. माळ्यावर आधीच्या बिऱ्हाडाने टाकून दिलेला डबा कालच हाती लागला होता. आत लाकडी चौकोन, प्रत्येकावर काना-मात्रेसकट एक अक्षर, कडा हाताळून हाताळून गुळगुळीत झालेल्या. आयते मिळाले असताना विकत कशाला आणायचे?

मी कागदावर ‘घरकाम’ लिहून दिले. रेडिओने डब्यातून अक्षरे हुडकून पाटावर ओळीने मांडली. तिचे वाचनही होईल, म्हणजे एका बैठकीत दोघींचा अभ्यास. सासूबाई बराच वेळ नुसत्या बघत होत्या. मग त्यांनी एक बोट घ वर ठेवले, दुसरे र वर, दोन्ही जवळ ओढली आणि म्हणाल्या, घल.

आठ महिन्यांनी पहिला शब्द! ह्यांना हुंदका आवरेना. पाठोपाठ काम आणि मका हेही सापडले. मी देवाला हात जोडले.

शनिवार, ८ तारीख

‘पायवाट’ मांडली. सासूबाईंनी पाय, वाट, पाट असे तिन्ही काढले, आणि पाट म्हणताना पाटावर चापटी मारली. किती दिवसांनी त्यांच्या तोंडावर हसू बघितले. दवाखान्यातल्या बाईसुद्धा चकित झाल्या. र चा ल होतो ते झटक्यामुळे, सुधारेल, असे त्यांचे म्हणणे.

शाळेतून मात्र चिठ्ठी आली. रेडिओने छप्पर, खिडकी, धुराडे असे छान चित्र काढले, पण हे काय काढलेस म्हटल्यावर गप्प. शिवाय काल शाळा सुटल्यावर ती फाटकाशीच उभी राहिली होती. खालच्या मजल्यावर कपडे शिवणाऱ्या बाईंनी हाताला धरून आणून सोडले. हे म्हणाले, रेडिओचे सेल उतरले असतील. नवी जागा, नवी शाळा, लाजत असेल.

मंगळवार, ११ तारीख

आजचा शब्द ‘पाणीपुरवठा’. सासूबाईंनी पाणी काढले, पाव काढला, आणि लगेच पाव मागितला. हे उठून धावतच गेले आणायला.

दुपारी भांडी घासताना मागे वळले तर रेडिओ माठासमोर उभी. हातात रिकामा पेला. काय हवे म्हणून विचारले. तिने तोंड उघडले, मिटले, पुन्हा उघडले. डोळे भरून आले तिचे. मी म्हटले, म्हण, पाणी. ती म्हणाली, पाणी. मी पेला भरला, लगेच विचारले, हे काय? तिने मान हलवली. वीस वेळा म्हणवून घेतले. म्हणते, आणि श्वास घेईपर्यंत जाते.

गळा बघितला. ताप नाही.

शुक्रवार, १४ तारीख

आज ‘देवदार’. रेडिओने अक्षरे मांडली. सासूबाईंनी देव काढला. मग दार. पण म्हणाल्या दाल. शेवटचा ल लांबवून, वर ओढून. शाळेतून आली की खाली उभी राहून ‘दाल उघडाऽ’ म्हणून ओरडायची ना रेडिओ, तस्सा.

माझ्या हातातला तांब्या पडला.

तो झटक्याचा ल नाही. तो माझ्या पोरीचा ल आहे.

मी हिशेबाच्या वहीत दोन रकाने आखले. एकीकडे सासूबाईंना आलेले शब्द. दुसरीकडे काही लिहिले नाही. रेडिओला मांडीवर घेतले आणि एकेक वस्तू दाखवून विचारले. खिडकी सांगितली. चमचा, उशी, कात्री, सगळे धडाधड सांगितले. दाराकडे बोट केले. गप्प. तिचा पाय धरून हलवला. गप्प. तसबिरीपुढे नेले. माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

दहाच्या दहा जुळले.

सोमवार, १७ तारीख

डबा पिठाच्या पिंपात लपवला होता. भाजी घेऊन परत आले तर पाटावर ‘आईवडील’ मांडलेले, दोन्ही शब्द वेगळे ओढून झालेले. ह्यांनी लिहून दिले, रेडिओने मांडले. सासूबाई आई आई म्हणून रडत होत्या, आणि हे त्यांच्या मांडीवर डोके ठेवून लहान मुलासारखे रडत होते.

मी ओरडले. हे इतके चिडलेले मी कधी पाहिले नव्हते. म्हणाले, आठ महिन्यांनी माझी आई बोलते आहे, आणि तू डबा लपवतेस? पोरगी लाजते त्याचं खापर एका आजारी बाईवर फोडतेस?

रेडिओ खुर्चीत होती. मी जवळ गेले तशी ती उठली आणि मला बसायला जागा दिली. पाहुण्या बाईला देतात तशी.

तेव्हापासून तिने मला हाक मारलेली नाही.

बुधवार, १९ तारीख

शिवणाऱ्या बाई फ्रॉक द्यायला आल्या होत्या. बोलता बोलता म्हणाल्या, वहिनी, तुमचं घर लाभाचं आहे हो. आधीच्या मास्तरांचा मुलगा चार वर्षांचा झाला तरी बोलत नव्हता. इथे मास्तर त्याच्यापुढे लाकडी अक्षरं मांडायचे, तो वेचायचा. सहा महिन्यांत पोपट झाला पोपट! मी विचारले, आणि मास्तर? म्हणाल्या, ते जरा अबोल झाले. जाताना मी नमस्कार केला तर नुसतं बघत राहिले.

म्हणजे जो मांडतो त्याचे जातात. जो वेचतो त्याला मिळतात. आणि मांडायला मी माझ्या पोरीला बसवले. अभ्यास होईल म्हणून.

सासूबाईंपुढे डबा उघडला. म्हटले, आता तुम्ही मांडा, तिला वेचू दे. त्यांना कळले. नीट कळले. डाव्या हाताने सगळी अक्षरे जमिनीवर लोटली आणि भिंतीकडे तोंड केले. मी तो हात धरला. धरून मांडून घेता आले असते. हातात जोर असा नाहीच त्यांच्या. मग त्यांनी माझ्याकडे बघितले, बारा शब्दांतून एखादा शोधत होत्या. म्हणाल्या, पाव. देवाला म्हणतात तसे.

मी हात सोडला. अक्षरे वेचून डब्यात भरली.

गुरुवार, २० तारीख

हे कामावर गेले तशी मी मांडायला बसले. आधी नळाचा तो लांब शब्द, कारण पोर दिवसदिवस कोरडी राहते.

रेडिओने दोन अक्षरे ओढली. म्हणाली. मग पेला घेऊन पुन्हा म्हणाली, हसली, गटागटा प्यायली.

काय प्यायली ते लिहायला घेतले आणि — थंड असते ते. माठातले. मागच्या पानांत मी ते अनेकदा लिहिलेले असणार. बोट ठेवून बघितले. तिथे नुसत्या रेघा आहेत, माझ्याच हाताच्या.

खायचे दुसरेही एक गेले.

संध्याकाळी घसा कोरडा पडला. माठासमोर उभी राहिले, पुढे काय करायचे कळेना. रेडिओनेच पेला भरून दिला.

शुक्रवार, २१ तारीख

दोन लांब शब्द मांडले. सहा गेले.

त्यातल्या एकात र होता. रेडिओने तो स्वच्छ म्हटला. ल नाही. माझा र.

आता दिवसभर बडबडते आहे. हे म्हणाले, बघ, बोलायला लागली की नाही पोरगी, उगाच डोक्यात घेतलं होतंस. मी हो म्हटले. खिडकीशी बसून विचार करते आहे, ही भांडी, हे कपाट कुणाचे. आम्ही किती दिवस इथे पाहुणे.

कपडे शिवणाऱ्या बाईंनी खालून विचारले, वहिनी, कुठे निघालात? मला सांगता येईना. त्यांनी जिन्यापर्यंत आणून सोडले.

शनिवार, २२ तारीख

आज झाडाचा शब्द. तासभर हातात अक्षरे धरून बसले. त्यातला एक लहान शब्द सकाळी उठल्यावर पहिला माझ्या तोंडी येतो. माझ्या आईने शिकवलेला. तो घेऊन मी एवढी वर्षे —

मांडला.

रेडिओ तसबिरीपुढे उभी राहून तो म्हणाली. ऐकून जीव थंडावला.

मीही हात जोडले. जोडलेले हात किती वेळ तसेच. कुणापुढे —

कुणीतरी कडी वाजवत होते. हे बाहेर, आम्ही आत. मधले ते लाकडी काय उघडायचे असते — रेडिओने उघडले.

रविवार, २३ तारीख

एक लांब शब्द उरला आहे. आई आणि वडील. वडील माझे केव्हाच गेले. त्यांना हाक मारायची नाही आता.

दुसरा —

तो राहू दे म्हणून सकाळपासून मनाला सांगते आहे. दहा मिळाले तिला, हे दोन नसले तर काय अडते. पण मघाशी पडली ती. गुडघा फुटला. रडताना तोंड उघडले आणि हाक कुणाला मारायची ते तिला सापडेना. सगळ्यांकडे बघत राहिली. माझ्याकडेही. सगळ्यांकडे बघितले तसेच.

आधी लिहून ठेवते. पिवळ्या फ्रॉकची मुलगी माझी. ती दोन अक्षरे म्हणेल. तेव्हा उठायचे आणि तिला उचलायचे. विचारत बसायचे नाही. उचलायचे.

मांडते.

तारीख

मुलगी बोलते आहे. पिवळा फ्रॉक. पदर ओढून तेच तेच. दोन अक्षरे. गोड आहेत —

कुणाला शोधते —

वहीत उचलायचे असे आहे. उचलले. जड नाही. रडू थांबले तिचे. मानेत तोंड घालून पुन्हा तेच म्हणाली, आणि बघते आहे, मी ओ देते का

लिहिले आहे की मुलगी माझी. अक्षर माझे आहे. खरे असेल. मुलगी माझी, तर मग मी तिची —