दातानं तोडलेला दोरा

६ जानेवारी

फेकून देऊ म्हणाले होते! माझ्या तोंडावर म्हणाले होते. दोन वर्षांपूर्वी हॉटेलातल्या कुठल्या पाहुणीची अंगठी चादरीत गुंडाळून गेली म्हणून पोलिसांनी लाँड्रीतल्या आम्हा सहाजणींना रांगेत उभं केलं, गालाच्या आतून बोळा फिरवला, नळीत घातला. चौथ्या दिवशी अंगठी हॉटेलच्याच न्हाणीघराच्या जाळीत सापडली. म्हणाले, संपलं, नमुने नष्ट करणार, काळजी करू नका. मी केली नाही. करायला हवी होती.

आज दुपारी चौकीवरून दोघं आले. मालकासमोर, गिऱ्हाइकांसमोर. औषधाच्या दुकानातल्या चोरीत माझी थुंकी सापडली म्हणे. मी म्हटलं, मी तिथे थुंकायला कशाला जाऊ? इस्त्रीवाली फिस्सकन हसली. पोलीस हसले नाहीत.

उद्या चौकीवर बोलावलंय.

७ जानेवारी

चार तास बाकावर. पाणीसुद्धा मागून घ्यावं लागलं. विचारायला एक चष्मेवाली, वयानं माझ्या निम्मी. मावशी मावशी करत होती.

झालं ते एवढंच — २८ डिसेंबरला, रविवारी, दुकान बंद असताना संध्याकाळी कुणीतरी मागच्या दारानं आत शिरलं. झोपेच्या गोळ्या उचलल्या. वॉचमननं मागून कोट धरला. तो माणूस कोटातून निसटला आणि वॉचमन पायऱ्यांवरून खाली. खुबा मोडला बिचाऱ्याचा. कोट तेवढा हातात राहिला. त्या कोटाच्या एका बटणाखाली, दोऱ्याच्या गाठीत — मी.

मी तिला म्हटलं, अगं, बावीस वर्षं मी त्या मागच्या खोलीत बटणं लावतेय, रफू करतेय. ओवायच्या आधी दोऱ्याचं टोक ओठांत ओलं करते आणि काम झालं की दातानं तोडते. दर वेळी कात्री शोधत बसले तर मालक घरी बसवील. निम्मं गाव माझी थुंकी अंगावर घेऊन फिरतंय. तुझ्या वर्दीवर पण असेल.

तिनं बाही उलटून बघितली. होती! माझीच तुरपाई.

मग जरा मऊ झाली. म्हणाली, "पण मावशी, कॉलरवर दुसऱ्याचंही सापडलंय. तो आमच्या यादीत नाही. तुम्ही आहात. कोट कुणाचा तेवढं सांगा आणि सुटा."

कोटाचा फोटो पुढे सरकवला. मी म्हटलं, ओळखत नाही.

८ जानेवारी

खोटं बोलले. इथे तरी खरं लिहिते.

तपकिरी कोट. तिसरं बटण निळ्या दोऱ्यानं लावलेलं. तपकिरी दोरा संपला होता. "ताई, लोक हसतील ना," म्हणाला होता. मी म्हटलं, हसू देत, तू कुठे हरवलास तर तेवढ्यावरून ओळखीन.

धाकट्याचा कोट.

११ जानेवारी

रविवार. कुणाशी बोलले नाही. सकाळी घसा खाकरला तेवढाच माझा आवाज.

आई गेली तेव्हा धाकटा नऊ वर्षांचा आणि मी एकोणीस. मीच वाढवला. मोठा झाल्यावर त्या गोळ्यांच्या नादी लागला. दिवसभर पडून राहायचा, नाहीतर घर उलथंपालथं करायचा. तीन वर्षांपूर्वी त्याची पिशवी जिन्यात ठेवली आणि म्हटलं, पुन्हा तोंड दाखवू नकोस. बटण त्याच आठवड्यात लावलं होतं.

जन्मात एक गोष्ट ऐकली माझी, ती नेमकी ही.

जिवंत आहे. औषधाच्या दुकानापासून माझं घर दहा मिनिटांवर. इतकं जवळ येऊन माझ्याकडे आला नाही. शर्टावर कुठे गेला असेल? त्या दिवशी नळाचं पाणी हाताला चावत होतं.

१३ जानेवारी

घरी येताना कॅमेऱ्याला हात केला. रोज करते. हे कुणाला सांगायचं नाही.

माझ्या दारासमोरच्या खांबावर आहे तो. मीच बसवून घेतला. धाकटा गेल्यावर काही महिन्यांनी कुणीतरी कडी वाजवून पळायला लागलं. आठवड्यातून एकदा, कधी दोनदा. मी आतूनच शिव्या घालायची. एकट्या बाईला बघून माजतात मेले! सहा महिने पालिकेत चपला झिजवल्या. साहेब म्हणाला, एका दारासाठी कॅमेरा? मी म्हटलं, दाराआड एक जीव राहतो. शेवटी लावला. त्या दिवसापासून कडी वाजली नाही. इस्त्रीवालीला पेढा दिल्यासारखी सांगत सुटले होते. तो लाल ठिपका दिसला की वाटतं, कुणीतरी जागं आहे आपल्यासाठी.

१५ जानेवारी

पुन्हा चौकी. आधी माझा प्रश्न — दोन वर्षांपूर्वीची नळी अजून तुमच्याकडे कशी? चष्मेवाली म्हणाली, नष्ट करायचे राहून गेले. राहून गेले! दुधावरचं झाकण ठेवायचं राहून जातं.

मी म्हटलं, मी चोर नव्हते, नाही. तरी मला चोरांच्या कपाटात ठेवलंत. ती म्हणाली, अशाच राहून गेलेल्या एका नमुन्यावरून परवा एका मुलीवर अत्याचार करणारा सापडला, त्या मुलीच्या आईला जाऊन सांगा हे. तिचंही खरं आहे. पण माझंही आहे ना?

मग म्हणाली, कॉलरवरचा माणूस आणि तुम्ही, रक्ताचं नातं आहे का तेही बघता येतं. त्याला वरून परवानगी लागते, ती मागितलीय. आणि तुमच्या गल्लीच्या कॅमेऱ्यात तीस दिवसांचं चित्रण राहतं. ती गल्ली अजून तपासात धरलेली नाही. तुम्ही नाव दिलंत तर बघू, नाहीतर त्या रविवारचं २७ तारखेला आपोआप पुसलं जाईल.

म्हणजे तो दारात आला होता का, ते त्या डब्यात आहे. आणि ते बघायचं तर त्याचं नाव द्यायचं.

१६ जानेवारी

बोळा माझ्या तोंडात फिरला आणि सापडणार तो. माझ्या तोंडात अख्खं माहेर बसलंय, हे कुणी सांगितलं नव्हतं.

१९ जानेवारी

आज वॉचमनची बायको त्याचा गणवेश घेऊन आली. बाही खांद्यापासून उसवलेली. म्हणाली, ते उठले की लागेल. कधी उठतील ते डॉक्टर सांगत नाहीत. माझ्याकडे बघत होती आणि मी तिच्या पिशवीकडे.

दुहेरी शिवण घातली. दोरा कात्रीनं कापला. हल्ली कात्री गळ्यात बांधून बसते, पण तोंड आपोआप पुढे जातं. दोनदा तोंडापाशी नेलेला दोरा तसाच खाली घेतला.

आज नाव सांगावंसं वाटलं. खरंच वाटलं.

२३ जानेवारी

नाही सांगितलं.

२७ जानेवारी

पुसलं गेलं असेल. वरची परवानगी येईतो तरी तो सुटला. आणि मला काहीच कळलं नाही.

२८ जानेवारी

चित्रण गेलं, पण खालचे आजोबा आहेत. दिवसभर खिडकीत बसतात. ते इथे राहायला आले त्याच आठवड्यात मी त्यांना फटकारलं होतं, दुसऱ्याच्या जिन्यात काय बघता, स्वतःच्या घरात बघा. तेव्हापासून मी दिसले की पडदा ओढतात.

आज त्यांच्या स्वेटरचं कोपर उसवलेलं दिसलं. म्हटलं द्या, शिवते. तिथेच बसून शिवलं आणि मान वर न करता विचारलं, वर्ष संपता संपता एका रविवारी, दिवेलागणीला, कुणी आलं होतं का माझ्याकडे?

"तुझा भाऊच की. शर्टावर होता. खांबाजवळ थांबला, वर त्या कॅमेऱ्याकडे बघितलं आणि माघारी वळला."

मी म्हटलं, भाऊ आहे हे तुम्हाला कसं माहीत?

"आधी यायचा ना. कडी वाजवायचा आणि जिन्याखाली येऊन उभा राहायचा. एकदा मीच विचारलं, बाबा, थांबत का नाहीस? म्हणाला, ताई आतून काय म्हणते ते ऐकतो आणि जातो."

मी आतून काय म्हणायची, ते आजोबांनाही ठाऊक आहे. दोरा दातानंच तोडला.

त्या रविवारी मी घरातच होते. मोज्याची टाच शिवत होते.

२९ जानेवारी

कामावर गेले नाही. आला तर आधी जेवायला घालीन. मग हाताला धरून त्या वॉचमनसमोर नेऊन उभा करीन, आणि तिथून चौकीवर. मी नेईन. थुंकी नाही नेणार, खांब नाही नेणार. मी.

पण येईल कसा?

३० जानेवारी

पालिकेत अर्ज दिला, शिक्का मारून घेतला. इथे उतरवून ठेवते.

माझ्या दारासमोरचा कॅमेरा काढा. तो मीच मागितला होता, आता मीच नको म्हणते. कारण — त्याच्यामुळे माझ्याकडे कुणी येत नाही. थंडी आहे तोवर काढा. सोमवार, नऊ फेब्रुवारीपर्यंत हो की नाही, ते लेखी कळवा.