डच आणि पिकलचे पंजे

३ फेब्रुवारी

डेल्बर्टची मांजरं माझ्या घरी आणली. डच आणि पिकल, दोघांचेही पुढचे पंजे पट्टीत. गाडीत हूं की चूं नाही. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

माझा भाऊ डेल्बर्ट ज्या वृद्धांच्या इमारतीत राहायला जाणार, तिथला नियम — मांजर चालेल, पण नखं काढलेलं. वहिनी गेल्यापासून त्याच्याशी घरात बोलणारं या दोघांशिवाय कोण आहे? म्हणून मीच दवाखान्याची वेळ ठरवली. आज घेऊन निघताना डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं — नखाबरोबर बोटाचं शेवटचं हाडही जातं. हे मी आधी विचारायला हवं होतं.

संमतीच्या कागदावर सही माझी आहे. आता यांना बरं करायचं.

४ फेब्रुवारी

पट्ट्या निघाल्या. रेती जखमेत जाते, म्हणून शी-शूच्या पेटीत फाडलेलं वर्तमानपत्र. हात काळे झाले. पिकलने पंजा टेकवला अन् लगेच उचलला, तापलेल्या तव्यावर पडल्यासारखा. डच कपाटामागून हलत नाही. वेदनेचं औषध पिचकारीने दिलं — अर्धं माझ्या बाहीवर.

५ फेब्रुवारी

उड्या मारायच्या नाहीत. सगळ्या खुर्च्या तळघरात नेल्या. मी जमिनीवरच बसते, तिथेच जेवते. गुडघे बोंब मारतायत. मारू देत.

७ फेब्रुवारी

पिकल जेवली! माझ्या बोटावरून, पण जेवली.

डचचा उजवा पंजा सुजलाय. ओहायोभर बर्फ, शेजारीण म्हणाली उद्या जा. आजच गेले. आत पू होता. नवं औषध, दिवसातून दोनदा.

९ फेब्रुवारी

डेल्बर्ट भेटायला आला. बजावलं होतं, डचला उचलू नकोस. ऐकतो कुठे! डच कडकडून चावला. नऊ वर्षांत पहिल्यांदा. डेल्बर्टच्या रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू — हात दाबून धरला तरी रक्त थांबेना. इस्पितळात चार तास गेले.

परतताना म्हणाला, "त्याच्यावर रागवू नकोस, लव्हॉन. नखं नेली आपण. दातच उरलेत त्याला."

मी गाडी चालवत राहिले.

१० फेब्रुवारी

इमारतीच्या व्यवस्थापक बाईंनी हाताची पट्टी पाहिली, विचारलं. डेल्बर्टला खोटं बोलता येत नाही. त्यांनाही वाईट वाटलं म्हणे, पण चावणारं मांजर चालणार नाही. एकटी पिकल चालेल.

मग पंजे कापले कशासाठी?

डेल्बर्ट फोनवर म्हणाला, डचला तू ठेव, मी येत जाईन बघायला. माझ्याकडेच ये म्हणावं, तर आमचं लहानपणापासून एका छपराखाली आठवडाभर पटलेलं नाही. दोघंही हट्टी.

१२ फेब्रुवारी

डच स्वतःहून पेटीत गेला. कागद उकरला — हळूच, थांबत थांबत, पण उकरला. मी तिथेच बसून रडले. मग उठून संध्याकाळचं औषध पिचकारीत भरलं.

१३ फेब्रुवारी

शिवणाची खोली रिकामी केली. डेल्बर्टला फोन करून सांगितलं, दोन्ही मांजरं आता माझ्याकडेच राहणार.

तो म्हणाला, "पिकलही?"

मी म्हटलं, "आणि तूही."