रेस सोडली की गाडी मरायची

मिस्तरी, पत्र लिहायला फार उशीर झाला, तेवढ्याची माफी मागतो. बाकी कशाची मागणार नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचं तोंड आठवणारी माणसं भोरात आता थोडीच राहिली आहेत. मला मात्र ते रोज आठवतं. माझी शाळा चौथीत सुटली, तेव्हा लिहिण्यात काही वेडंवाकडं आलं तर समजून घ्या. नाहीतर नका घेऊ. जिवंतपणी तरी कुठं घेतलंत?

लढाई संपल्यावर शेठनी लष्करानं काढून टाकलेली ती छोटी लॉरी आणली, मागं उघडा हौदा असलेली. डिझेलची गाडी आपल्या भागात तेव्हा नवलाची होती. तुम्ही शेठचे मिस्तरी आणि माझे गुरू. तुमची नजर अधू झाल्यामुळे चाकावर मी बसायचो. वेल्ह्याकडचा तांदूळ आणि हिरडा भरून भोरला आणायचो. चढावर ती गाडी कधी कुरकुरली नाही. पण दसऱ्याच्या सुमाराला तिला एक खोड लागली. रस्त्यानं पळतेय तोवर ठीक. उभी करून पायातली रेस सोडली की इंजिन थोडा वेळ घुरघुरायचं, दोन आचके द्यायचं आणि मरायचं. आपण दोघांनी टाकी उतरवून धुतली, डिझेल धोतराच्या फडक्यातून गाळून भरलं, जाळी साफ केली, रेसचा स्क्रू कधी आत तर कधी बाहेर फिरवून पाहिला. खोड जाईना. दसऱ्याच्या सकाळी तुम्ही म्हणालात, "टाकीपास्नं पंपाला येती ती नळी सोडून बगतो. तू जा, झेंडू घिऊन ये." मी फुलं घेऊन आलो तेव्हा नळी परत बसली होती आणि तुम्ही हात पुसत होता. "आता न्हाई मरायची," म्हणालात.

शेठाणीबाईंचा हट्ट, की पूजा चालू इंजिनाची करायची, बंद गाडीची नाही. मी चाकावर बसलोय, रेस सोडलेली, नवा सदरा घामानं पाठीला चिकटलेला. सगळी आळी जमली आहे. बाई बॉनेटला कुंकू लावतात, ओवाळायला तबक उचलतात, आणि इंजिन दोन आचके देऊन मरतं. मग तुम्ही बोललात, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "इंजनात कायबी न्हाई. ह्या पोराचा हातच तसला हाय. ह्यानं धरलं की जीव जातो." बाईंनी तबक मागं घेतलं. ते मागं जाणारं तबक मी अजून पाहतो.

पुढच्याच खेपेला वाटेत विंझरला चहाच्या दुकानासमोर गाडी उभी केली, तर पुन्हा मेली. या वेळी मी एकटा होतो, फुलं आणायला धाडणारं कुणी नव्हतं. खाली शिरलो. पंपापाशी नळीचा जोड ओला होता आणि त्यावर धूळ थापली होती. पंपाचा हवेचा स्क्रू ढिला केला तर डिझेलबरोबर फेस आला, म्हणजे नळीत कुठून तरी हवा जात होती. जोड उघडला. आतल्या तांब्याच्या वायसरला आरपार खाच पडली होती. दगडावर घासून ती चकती सपाट केली, चहावाल्याच्या चुलीत लाल करून पाण्यात विझवली; तसं केलं की तांबं मऊ पडतं. हे तुम्हीच शिकवलेलं. बसवून इंजिन चालू केलं, रेस सोडली आणि चहा प्यायला बसलो. चहा संपला तरी इंजिन चालूच. शेवटी चहावाला म्हणाला, "बंद कर की बाबा, धुरानं गिऱ्हाईक पळालं माजं."

मी धावत तुमच्याकडे आलो. तुम्ही पारावर चारजणांत तंबाखू मळत होता. "वायसर गेलती मिस्तरी, ह्यात माजा काय दोष न्हाई," मी म्हटलं. तुम्ही मान वर केली नाही. "आसंल."

"मग लोकांस्नी सांगा की तसं."

"काय सांगू? वायसर कुकवाला भ्याली म्हनून सांगू?"

चौघं हसले. भोंगवलीच्या वऱ्हाडापर्यंत ते हसणं आपल्या पायांनी चालत गेलं. वऱ्हाड हौद्यात चढून बसलं होतं, मला पाहून बायका एकेक करून खाली उतरल्या. नवऱ्याची मावशी शेठला म्हणाली, "ह्यो चालवनार आसंल तर आमी आपले बैलगाडीनं जातो." शेठनी चाक तुमच्या भाच्याला दिलं. त्यानंतर जन्मभर मी भाताच्या गिरणीवर इंजिन चालवलं, एका जागी बसलेलं, कुणालाच कुठं न नेणारं.

वर्षभरानं ती वायसर पुन्हा गेली तेव्हा भाचा माझ्याकडे आला. "हुबी केली की गाडी मरतीया. जरा येता का?"

"म्या? माजा हात लागला तर समूळ जायाची. मामांस्नी इचार."

दुसऱ्या दिवशी गाडी चालूच होईना, म्हणून भर बाजारातून बैल लावून ती ओढत नेली, तुम्ही शेजारून चालत होता. वाण्याच्या फळीवर बसून ती वळणापार जाईतो मी पाहिली. तितकं गोड मी पुढं काही खाल्लं नाही. तुमच्या मयतीलाही आलो होतो, अगदी पुढं उभा होतो. लोक म्हणाले, गुरूची माया. मला खात्री करून घ्यायची होती.

आता खरं लिहितो. गिरणीचं इंजिन आजवर कितीदा बंद पडलं, इंजिनं पडतातच; पण दर वेळी मी आधी माझ्या हाताकडे पाहिलं. नातवाला उचलतानाही पाहतो. त्या सकाळी तो जोड तुम्ही उघडला होता. ती खाच तुम्हाला दिसली का? दिसली आणि भाच्यासाठी तशीच ठेवली असेल, तर तुम्ही हरामखोर, आणि माझा हात चांगला. पण अधू नजरेमुळे दिसलीच नसेल, तर माझ्या हाताबद्दल जे बोललात ते तुम्ही मनापासून बोललात, आणि तुमच्याइतकं इंजिन ओळखणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. म्हणून तुम्ही हरामखोर असावं, एवढीच माझी इच्छा आहे.

हे पत्र कुठं टाकायचं ते मला ठाऊक नाही, म्हणून ते इथंच राहील. तरी तुमच्याकडून काही वाट असेल तर उत्तर पाठवा. मी फार थकलोय. दिसली होती, एवढंच लवकर कळवा.