अण्णांची बॅग आणि गॅलरीतली वेल

रत्नागिरी,
मंगळवार, जेवणं उरकल्यावर

ती. मथुराआत्यास सानिकाचा वाकून नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? फोनवर विचारलं की अण्णा कान लावून बसतात, म्हणून मुद्दाम कागदावर विचारतेय.

अण्णा पायरीवरून घसरले, डॉक्टरांनी एकटं राहायला बंदी केली आणि आम्ही त्यांना वेळणेश्वराहून उचलून इकडे आणलं, हे तू पाहिलंसच. पण बापाने लेकीच्या घरी मुक्काम ठोकायचा नसतो, हा त्यांचा हट्ट. (जेवतात दोन्ही वेळा, आणि आमटीत मीठ कमी आहे हेही सांगतात.) आल्या दिवसापासून भरलेली बॅग दाराशी. सकाळी तिच्यातून टॉवेल काढायचा, वाळला की परत आत. जाता-येता मी तिला अडखळते आणि खरं सांगते, मला रडू येतं गं. पुन्हा एकटे राहून पडले तर?

त्यात ती कुंडी. आधीचे भाडेकरू वॉशिंग मशीनमागे टाकून गेलेले. काळपट दांडा आणि दोन-चार पिवळी पानं. गौरवने मोबाइलवर फोटो काढून झाडाचं नाव शोधलं. आधी मनीप्लांट निघालं, मग मिरी, आणि फोटोत त्याचा अंगठा आला तेव्हा रताळं. (जावई तुम्हीच शोधलात.) मी मनीप्लांट धरून चालले आणि दयेपोटी उठता-बसता पाणी घालत सुटले. उरलीसुरली पानंही माना टाकायला लागली. शेवटी अण्णा काठी टेकत गॅलरीत आले, पान चुरगळून हुंगलं आणि केवढ्याने ओरडले, "अगो, ही पानवेल हाय! बुडवून मारतेस काय तिला?"

तेव्हापासून घर माझं राहिलेलं नाही. अण्णांनी कुजकी मुळं छाटली, डोळा हिरवा असलेला तेवढाच तुकडा ठेवला, जावयाला तांबडी माती आणायला पिटाळलं, कुंडीच्या तळाशी नारळाच्या सोडणाचा काथ्या घातला आणि सावलीसाठी माझी इस्त्रीची चादर टांगली. मला तांब्याला हात लावायची मनाई. आणि परवा आत्या, त्या तुकड्याला पान फुटलं, करंगळीच्या नखाएवढं! अण्णांनी "सानू" म्हणून हाक मारली. आई गेल्यापासून तशी मारली नव्हती. माझा चहा उतू गेला तो गेलाच. बॅग अजून दाराशीच आहे, पण टॉवेल मात्र आता गॅलरीतच असतो.

तुझी,
सानिका

ता.क. खरं काम हे. वेळणेश्वरच्या घराची किल्ली अण्णा तुझ्याकडे मागतील. सापडत नाही म्हण. कमरेला असली तरी.

ता.क. आणखी एक. वेलीचं पहिलं मोठं पान देवापुढे ठेवायचं चाललंय, आणि कुंडीत रोज बांगडे धुतलेलं पाणी अण्णाच ओततात. (सोमवार सोडून.) मी टोकलं तर म्हणाले, "आपला देव दर्याकाठचा. त्याला वास नवा न्हाय."

ता.क. मथुरे, हे मी, आत्माराम, लिहितो. जावयाने पाकीट चिकटवायला माझ्याचकडे दिलं. किल्ली कमरेलाच राहू दे. ही पोर पाणी फार घालते, मी निघालो तर वेल टिकायची नाही. छताला लागेपर्यंत थांबेन म्हणतो. बॅग रिकामी करून एसटीने धाडतो आहे. माझे उरलेले कपडे आणि अडकित्ता तीत भरून पाठव.