उजवा तळवा, दोन बोटे

बाई, तुम्ही विचारायच्या आधीच सांगून टाकते: त्या दुपारी मी त्या घरात चहा प्यायले आणि पोरीला न बघताच परत आले. एवढं एक वाक्य तुमच्यापुढे उभं राहून बोलायला मला जमलं नाही. तुम्हाला जाऊन आता कितीतरी वर्षं झाली, माझेही केस पांढरे झाले, तरी लिहिताना तुम्ही चष्म्यावरून बघताय असंच वाटतंय.

लढाईचे दिवस होते. नगरला तुमचा अनाथ मुलींचा आश्रम, आणि मी तिथली विशीतली मदतनीस. काही मुली तुम्ही खेड्यातल्या घरांत सांभाळायला दिल्या होत्या. महिन्यातून एकदा जाऊन त्यांना बघून यायचं काम माझं. आल्यावर हातपाय धुवायच्या आधी वही लिहायची. वहीत दोन रकाने, 'पाहिले' आणि 'ऐकले'. सुरुवातीला एकदा मी पाहिल्यात 'मुलगी पायरीवरून पडली' असं लिहिलं, तेव्हा तुम्ही विचारलंत, "पडली तेव्हा तू होतीस तिथे?" मी म्हटलं, नाही, घरच्यांनी सांगितलं. "मग ते ऐकले. कोणी सांगितलं तेही लिही. न पाहिलेलं पाहिल्यात घुसडलंस, तर त्या पोरीला वाली कोण?" सगळ्यांसमोर बोललात, मला रडूच कोसळलं. मग संध्याकाळी तुम्हीच जवळ बसवून जखम बोटांनी मोजायला शिकवलंत. कुठला हात, कुठली बाजू, किती बोटं लांब. चुकलं तर खरडून काढायचं नाही, एक रेघ मारायची, म्हणजे चूकही वाचता येते. आणि खाली सही, शाई ओली असतानाच. मी सगळं शिकले. निदान शिकल्यासारखं दाखवायला तरी शिकले.

ते गाव कर्जतच्या बाजूचं. पेट्रोल मिळत नव्हतं, कोळशावर चालणारी प्रवाशांची सर्व्हिस मोटार दिवसातून एकदाच माघारी फिरायची, ती चुकली की मुक्काम. परक्या गावात राहायची मला भारी धास्ती. त्या दिवशी जातानाच मोटार रखडली, मी पोचले तेव्हा परतायला जेमतेम अर्धा तास उरला होता. घरची बाई ओसरीवरच आडवी आली. "पोरगी चुलीवर पडली, हात भाजला. आत्ता कुठं डोळा लागलाय तिचा, उठवू नगा. च्या घ्या." आठ वर्षांची पोर आतल्या खोलीत, मधे एक फळीचं दार. मी दाराकडे बघितलं आणि चहा घेतला. कप खाली ठेवते न ठेवते तोच मोटारीचा भोंगा ऐकू आला आणि मी पळत सुटले.

वाटभर तुमचीच भीती. ऐकल्यात लिहिलं असतं तर तुम्ही विचारलं असतंत, तिथवर जाऊन पाहिलं का नाहीस? म्हणून पाहिल्यात लिहिलं: चुलीवर पडून उजवा तळवा पोळला, दोन बोटे. पडताना माणूस उजवा हात टेकतो, असा माझा अंदाज. तुम्ही वाचलंत, म्हणालात, "आता कसं नीट लिहिलंस," आणि टेबलावरचं तुमचं फाउंटन पेन माझ्या हातात दिलंत. महिनाभर मला अन्न गोड लागलं नाही.

पुढच्या खेपेला मी कुणाला न विचारता ते दार ढकलते. घरची बाई विहिरीवर गेलेली. खोलीपलीकडे, मागच्या अंगणात, पोर भांडी घासत बसली आहे. डाव्या हातावर, वरच्या बाजूला, सरळ पट्टा. चार बोटं. राख लागून चिघळलेला. ती म्हणते, "मी पडले न्हाई. दूध उतू गेलं म्हून तापल्यालं उलथनं लावलं." मग खाली बघत, "तुमी मागं आल्ता तवा मी जागी हुते. तुमचा आवाज ऐकला. वाटलं, येत्याल आत."

त्याच मोटारीनं मी तिला घेऊन आले. चार दिवसांनी त्या घरचा मालक आश्रमाचा कारभार बघणाऱ्या पंचांना घेऊन हजर. "आमी काय राक्षस हाय का? पडली ती. तुमच्या बाईनं लिवलं आसंल, वाचा की." तुम्ही वही उघडून वाचलंत. उजवा तळवा. पोरीचा उजवा तळवा स्वच्छ होता. पंच म्हणाले, म्हणजे ती जखम भरली, ही दुसरीच आहे, मुलगी बनाव करते. तिला परत पाठवा. तेव्हा तुम्ही माझ्याकडे वळलात. "तू पाहिलं होतंस ना?"

मी हो म्हटलं.

पोर माझ्याकडे बघत राहिली. तुम्हीही बघत राहिलात. मग पंचांना एवढंच म्हणालात, "जखम सुकली की पाठवते."

जखम पंधरा दिवसांत सुकली, बाई. मीच धूत होते. पण वहीत दर सोमवारी, पाहिल्याच्या रकान्यात, तुमच्या अक्षरात: जखम ओली आहे. पावसाळा सरला, थंडी आली, पोर दोरीवरच्या उड्या मारायला लागली, तरी ओलीच. शेवटी पंच विचारायचे कंटाळले. ती आश्रमातच वाढली, लग्न होऊन अकोल्याकडे गेली.

म्हणजे तुम्हाला कळलं होतं. मला कधी एका शब्दानं विचारलं नाहीत. पाहिल्याशिवाय एक ओळ न लिहिणाऱ्या तुम्ही, माझ्यापायी महिनोन्‌महिने खोटं लिहीत बसलात. दर सोमवारी वाटायचं, आज बोलावतील. तुम्ही बोलावलं नाहीत, आणि खरं सांगते, मला तुमचा रागही यायचा. पेनही परत मागितलं नाहीत.

आज कागदावर ते दोन रकाने आखले. जुनी ओळ लिहिली, तिच्यावर एक रेघ मारली, वाचता येईल अशी. खाली लिहिलं, पाहिले: फळीचे बंद दार. ऐकले: पोरगी झोपली आहे, घरच्या बाईकडून. तुमच्याच पेनानं लिहिलंय. सहीसाठी म्हणून थांबले, ती बसूनच राहिले. शाई वाळली, बाई. सही अजून केलेली नाही.